मागची रांग

देवगड बंदरातल्या कारखान्यात
दिवसभर मी बर्फाच्या लाद्या फोडतो,
आणि रात्री सगुण बुवांच्या मागे, तिसऱ्या रांगेत,
डाव्या खांबापासून दुसरा,
झांज घेऊन बसतो.
पत्रिकेत माझं नाव नसतं.
बुवा असतात, पखवाज असतो, तबला असतो,
ध्वनिव्यवस्थासुद्धा असते ठळक टायपात.
सगळ्यात खाली: कोरस, ग्रामस्थ मंडळ.
तो ग्रामस्थ म्हणजे मी.

बावीस वर्षं झाली,
गाताना बुवांचा चेहरा कसा होतो
ते मला अजून माहीत नाही.
मान मात्र पाठ आहे.
चढ्या सुराआधी ती उजवीकडे कलते,
कॉलरच्या वर एक शीर उठते
भरतीला होडीचा दोर ताणावा तशी,
आणि आम्ही अकरा जण श्वास घेतो.
एवढंच माझं संगीताचं शिक्षण.

परवा तांबळडेगला डबलबारी होती.
सुरूच्या बनाशेजारी मंडप,
खुर्च्यांचे पाय वाळूत रुतलेले,
खाज्यांच्या दुकानातून आल्या-गुळाचा वास,
आणि समोरचे आत्माराम बुवा, कुडाळकडचे,
कुर्ता मोरपंखी, गळा कोवळा.
त्यांनी गजर संपवता संपवता सवाल टाकला:
सांगा बुवा, दर्याला मीठ कोणी दिलं,
आणि उसनं दिलं की दान?

शिट्ट्या. टाळ्या.
दोघा म्हाताऱ्यांनी बिड्या विझवल्या.
बाबल मेस्त्रीने धुमाला नवी कणीक थापली,
अंगठ्याने कडा दाबल्या, हात लेंग्याला पुसला.
बुवांनी पेटीवर सूर धरला, मान कलली,
शीर उठली,
आणि लाईट गेली.

माईक मेला. भोंगे मेले.
मंडपाला अचानक आकाश फुटलं.
कुणीतरी ओरडलं, "आवाज खंय गेलो?"
पण बाबलचा हात थांबला नव्हता.
पखवाज आता फक्त पखवाजाएवढाच होता,
लाकूड, कातडं, ओलं पीठ.
बुवांनी सवाल सोडून सरळ गजर धरला.
मागच्या खुर्च्या पुढे सरकू लागल्या,
बायका पोरं काखेत मारून थेट रंगमंचाला टेकल्या,
आणि आम्ही झेललं.

तेव्हा मला ऐकू आला
एक माणूस, जवळच कुठेतरी,
अर्धा सूर खाली,
शब्दाचा शेवट जरा लांबवणारा.
म्हटलं, कोण हा? शेजारच्या लवूकडे पाहिलं.
लवू वेगळं गात होता.
तोंड मिटून पाहिलं.
तो माणूस गप्प झाला.

बावीस वर्षं हा माझ्या तोंडात राहत होता
आणि आमची ओळख नव्हती.

पुन्हा तोंड उघडलं. काय करणार?
बेसूर तर बेसूर, झांज तरी वेळेवर पडत होती.
पहिल्या रांगेतल्या एका मुलीने
अंधारात नेमकं माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं,
किंवा जांभई दिली असेल.

वीस मिनिटांनी लाईट आली.
भोंगे खाकरले, सगळे पुन्हा मोठे झाले,
आणि तो माणूस अकरांत बुडून गेला.
सवालाची आठवण आत्माराम बुवांनीही काढली नाही.

परतीच्या टेम्पोत लवूने विचारलं,
"बुवा, मीठ कोणी दिल्यान ता सांगा तरी."
बुवा पेटीवर डोकं टेकून होते.
"माका खंय ठावक! लायट गेली ता बरा झाला."
टेम्पो हसून हसून हलला,
मग एकेक जण झोपला.

तारामुंबरीच्या पुलावर बाबलने गाडी थांबवायला लावली.
दर बारीनंतर थांबवतो.
पखवाजाची कणीक नखाने खरवडली,
गोळी गोळी करून खाडीत टाकली.
"माशांनी खांव देत," म्हणाला, "रातभर वाजलला पीठ."
खाली पाण्यात काहीतरी हललं.
मी कठड्यावरून वाकून
हळूच गजराची एक ओळ म्हटली,
तो अजून आहे का ते बघायला.
होता.

सहा वाजता ड्युटी.